जळीत युनिट

३ फेब्रुवारी

पोपट,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दामच लिहिलं नाही.

पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" म्हणतोस, आणि तुझं नंतर काही उगवत नाही. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण त्याआधी निदान उघडावं लागतं.

काल सकाळी मी केंद्रात होते. सरकारी सुविधा केंद्र. ज्यांना स्वतःची मोठी यंत्रं परवडत नाहीत असे आम्ही सगळे पाळी लावून तिथल्या यंत्रांवर माल काढतो. तुला हे सांगायची गरज खरं तर नाही, पण हल्ली तुझं विसरणं पाहता सांगून ठेवलेलं बरं. माझं रबर मिलवर चढलं होतं. रोलरांमधून काळी पोळी निघत होती, हात कोपरापर्यंत बरबटलेले. चहाच्या सुट्टीत साबणवाल्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "ताई, बघा तरी, तुमचाच भाऊ."

तूच होतास. कोट, टाय, मागे मोठा पडदा. लहानपणी खुर्चीवर उभा राहून पाहुण्यांना कविता म्हणून दाखवायचास, तोच आवाज आणि तेच हातवारे. त्यावरूनच तुला हे नाव पडलं. आणि म्हणत होतास, "माझी सख्खी बहीण. तिचा कारखाना जळून खाक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उभी! सरकारच्या दारात गेली नाही, कुणापुढे हात पसरला नाही. मित्रहो, सरकारी मदत म्हणजे कुबड्या. उद्योग वृत्तीवर चालतो!"

टाळ्या काय पडल्या! समोरची माणसं उठून उभी राहिली.

मी तो फोन साबणवाल्याच्या हातात परत दिला. त्याच्या फोनवर माझ्या बोटांचे काळे ठसे उठले. तो म्हणाला, "ताई, तुम्ही एकटीनेच सगळं केलंत म्हणे. मग उद्यापासून ही मिल आम्हालाच." सगळे हसले. गंमतच केली त्याने. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की अर्धा चहा तिथेच ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मी कशाचा माल काढते, आठवतं का? कुबड्यांच्या आणि वॉकरच्या टोकाला बसतात ते रबरी बूट. त्यावरच घर चालतं आणि आईची औषधं येतात. कुबडी वापरणारा माणूस तू कधी जवळून पाहिलायस? तो चालत असतो, पोपट. कुबडी काढून घेतलीस की पडतो. मग त्याच्या उशाशी उभं राहून वृत्तीवर भाषण दे.

ते भाषण मागे घे. नाहीतर निदान त्यातून मला काढ.

ताई


११ फेब्रुवारी

पोपट,

उत्तर मला नाही, आईला. तेही फोनवर. ती पलंगावर बसून फोन कानाला लावून माझ्याकडे बघत तुझी वकिली करत होती. "तो म्हणतोय, कौतुकच केलं ना तुझं. लोकांनी ताईचं नाव काढावं म्हणून केलं. यात चिडण्यासारखं काय आहे?"

ठीक आहे. मग माझं कौतुक माझ्याच तोंडून ऐक. तुझ्या आवृत्तीत बरंच गाळलेलं आहे.

आग भर दुपारी लागली. रबर साच्यात दाबायच्या जुन्या प्रेसच्या हीटरची तार कुठेतरी उघडी पडली होती. मी पुढच्या खोलीत तयार बुटांच्या कडेचं जादा रबर कात्रीने काढत बसले होते. आधी वास आला. रबराचा वास मला रोजचाच, म्हणून लक्ष दिलं नाही. मग दाराखालून धूर आला, आणि तो पायरीवर सांडलेल्या काकवीसारखा हळूहळू पसरत आला. कारखान्यामागच्या राहत्या खोलीत आई झोपलेली. तिला मी अक्षरशः फरफटत बाहेर काढलं. तिचा खोकला तेव्हापासूनचा. तुला तो फोनवर ऐकू येत असेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभी राहिले, म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतरचे कितीतरी दिवस. आई वाटीत भात कालवून माझ्या तोंडाशी आणायची आणि मी तिचा हात बाजूला सारायची. केस विंचरले नव्हते. दारावर कुणी आलं तर "घरी नाही म्हणून सांग," एवढंच बोलायची. वृत्ती! वृत्तीची तेव्हा राख झाली होती. मी मनाशी पक्कं केलं होतं की पुन्हा कुठेतरी टायपिस्टची नोकरी बघायची आणि रबराचं नाव काढायचं नाही.

मग एके दिवशी घड्याळसाहेब आले. केंद्राचे तेव्हाचे व्यवस्थापक. बोलताना सारखं मनगटाकडे बघणारा तो रुक्ष माणूस. मला वाटलं, सांत्वनाला आलेत. ते दारातच उभे राहून म्हणाले, "तुमची मंगळवारची पाळी आहे. आला नाहीत तर नियमाप्रमाणे रद्द करावी लागेल."

मी म्हटलं, "साहेब, माझं सगळं जळलंय. मी कसली पाळी लावू?"

ते म्हणाले, "जळीत युनिटला केंद्राची यंत्रं एक हंगाम विनामूल्य, असा नियम आहे. नियम तुमच्यासाठी केलेला नाही, आधीपासून आहे. पण माणूस आला नाही तर मी यंत्र रिकामं ठेवू शकत नाही. बाहेर रांग आहे." आणि घड्याळ बघून निघून गेले.

मला इतका संताप आला! सगळं जळलेल्या बाईशी असं बोलतात? त्या संतापात मी उठले. अंघोळ केली. मंगळवारी गेले, ते त्या माणसाला चार शब्द सुनवायलाच. तर त्यांनी मिल माझ्यासाठी आधीच गरम करून ठेवली होती. कच्चा माल केंद्रात माल तपासणाऱ्या टेस्टिंगच्या बाईंनी आपल्या ओळखीवर उधार आणवला होता, आणि साबणवाला स्वतःची पाळी सोडून माझ्या साच्यांना वंगण लावत बसला होता. मी कुणालाच काही सुनावलं नाही. कामाला लागले.

हे झालं माझं 'एकटीने उभं राहणं'.

आणि यातला एक माणूस मी अजून सांगितलेलाच नाही. त्या दिवशी दारात घड्याळसाहेबांच्या मागे फाइल छातीशी धरून एक पोरगेलासा अधिकारी उभा होता. त्याची ती पहिलीच नोकरी. ऑफिसच्या कामात नातं नको म्हणून तो मला "बाई" म्हणाला. "बाई, इथे सही करा." नेहमीसारखी असते तर हसून लोळले असते. तो जुना नियम कपाटातल्या धुळीतून शोधून काढणारा तोच होता. साहेबांनी नंतर मला सांगितलं, पोराने तीन दिवस कपाटं उपसली.

तू भाषणातून केंद्राला गाळलंस, ते मला कळतं. पण त्या पोराला का गाळलंस?

ताई


२६ फेब्रुवारी

पोपट,

केंद्राच्या दारावर नोटीस लागली आहे. 'सुविधांच्या उपयुक्ततेचा पुनर्विचार', पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी, आणि खाली समितीच्या सदस्यांची नावं. तिसरं नाव तुझं. टेस्टिंगच्या बाईंनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि मला म्हणाल्या, "तुमच्याच गोष्टीवर आमचं दुकान बंद करणार का हो?"

तोंड कुठे लपवू, असं झालं.

म्हणजे ते नुसतं टाळ्यांचं भाषण नव्हतंच. मला दाखला म्हणून पुढे करून तू माझ्याच पायाखालची जमीन काढायला निघालायस. आणि माझ्या एकटीच्या नाही. छत्रीच्या दांड्या करणारी आहे. गिरणीवाला आहे, तो आपल्या जात्याच्या दगडांना तिथेच टाकी लावून घेतो. साबणवाल्याचा साचा तिथल्या लेथवर होतो. माझी मिल उद्या गेली तर मी कोपऱ्यात बसून हाताने रबर मळू?

परवा तू स्वतःहून फोन केलास. आपण काय बोललो ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या 'असं म्हणालोच नव्हतो' नको.

तू म्हणालास, "ताई, तू सुनावणीला येऊ नकोस."

"का?"

"आलीस तर केंद्राने मदत केली म्हणशील. मग विचारतील, त्या वेळी केंद्रात कोण होतं? अर्ज पुढे कुणी सरकवला? सख्ख्या बहिणीचा अर्ज."

"नियम होता की नव्हता?"

"होता."

"माझ्याशिवाय कुणाला मिळालं?"

"गिरणीवाल्याला, पुरात. आणि त्या छत्रीवालीलाही."

"मग?"

"मग काही नाही गं. पण एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ असतो? उद्या बातमी होईल, भावाने बहिणीची सोय लावली. इतक्या वर्षांचं सगळं जाईल माझं."

असं आहे तर! तुला वृत्तीबित्तीशी काही देणंघेणं नाही. तुला भीती वाटते. कुणी बोट दाखवायच्या आत तूच मला 'स्वयंभू' करून टाकलंस. मी एकटी उभी राहिले म्हटलं की तू तिथे नव्हतासच. मग सभेत लोकांना ते आवडलं, मग वरच्यांना आवडलं, मग तुला समितीत घेतलं. आता तुला ते बोलणं गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

आणि ऐक, वृत्ती नको असं मी कुठे म्हणतेय? साबणवाल्याचंच बघ. पहिल्यांदा अनुदान मिळालं तेव्हा त्याने दुकानाला ही मोठी पाटी केली, फिरती खुर्ची आणली, आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. तू अशांचीच उदाहरणं देतोस, आणि ती खोटी नाहीत. पण तोच माणूस पुढे केंद्रात आला, लोकांच्या हाताखाली साबण ओतायला शिकला, आणि आज त्याच्याकडे कामाला माणसं आहेत. आधी कष्ट की आधी मदत, हे त्याला विचारलंस तर तो तुला वेड्यात काढेल. बी आणि पाणी यांत भांडण लावून देणारे तुम्ही, पेरायला मात्र कधी येत नाही.

आई म्हणते, "जायचं तर जा, पण त्याचं नाव घेऊ नकोस." मी तिला वचन दिलेलं नाही.

मी येणार आहे.

ताई


१४ मार्च

पोपट,

उद्या सुनावणी. तुझा माणूस संध्याकाळी कारखान्यात येऊन गेला. गोड बोलत होता. "ताईंना नवं यंत्र बसवायचं असेल तर खासगी कंपनीकडून सोय होऊ शकेल, साहेबांची ओळख आहे."

मी त्याला हातातला रबरी बूट दिला आणि म्हटलं, साहेबांना द्या. घसरायला लागले की उपयोगी पडेल.

तू हे कुणाच्या डोक्याने करतोयस? माझा भाऊ इतका हलका नव्हता. तूच माणूस पाठवला असशील तर शरम वाटू दे. तुला न विचारता त्याने केलं असेल तर त्याला हाकलून दे.

आई येणार म्हणतेय उद्या. मी नको म्हटलं, खोकला वाढेल. तिने पायात चपला घालूनच मला उत्तर दिलं.

ताई


१८ मार्च

पोपट,

तू तिथे होतास, तरी लिहिते. कारण तू सगळा वेळ समोरच्या कागदाकडे बघत होतास. जे पाहिलं नाहीस ते सांगते.

आमची माणसं सकाळपासून येऊन बसली होती. साबणवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याला त्यात बसता येत नव्हतं. माइक मध्येच शिट्टी मारायचा, की समितीतले तुम्ही सगळे एकदम दचकायचा. गिरणीवाला बोलला, छत्रीवाली बोलली. अध्यक्षीणबाई प्रत्येकाला "थोडक्यात" म्हणत होत्या. तुझ्या शेजारचा तो गोरा गृहस्थ म्हणाला, "पण याच समितीतल्या एका सदस्यांच्या भगिनींनी तर कोणतीही मदत न घेता..." आणि मी उठले. माझा नंबर आला नव्हता. तशीच उठले.

"ती भगिनी मी," म्हटलं.

सभागृहात कुजबुज झाली. तू पाण्याचा ग्लास उचललास, आणि तो रिकामा होता.

मी आग सांगितली. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई सांगितली. घड्याळसाहेब, मंगळवार, गरम करून ठेवलेली मिल, सगळं सांगितलं. माझा आवाज चिरका झाला होता, मला कळत होतं. "माझ्या नावावर टाळ्या घेतल्या जातायत," मी म्हटलं, "आणि मी म्हणते, त्या अर्ध्या टाळ्या ह्या इमारतीच्या आहेत. मला एकटीला बहादूर ठरवून तिला कुलूप लावणार असाल, तर ती बहादुरी मला नको. घ्या परत."

कुणीतरी मागे बाक बडवला. अध्यक्षीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या माणूस म्हणून बऱ्या वाटल्या मला. त्यांनी विचारलं, "बाई, जळीत युनिटचा हा नियम फारसा कुणाला माहीत नाही. तुम्हाला कुणी सांगितला?"

तेव्हा तू वर पाहिलंस. पूर्ण सुनावणीत एकदाच.

आईने मागून माझ्या कुडत्याचं टोक धरलं होतं. ते तुला दिसलं नाही. ती ओढत नव्हती, नुसती धरून होती. आणि मला तुझा असा राग येत होता, की एका वाक्यात तुला तिथेच खाली आणलं असतं. वाक्य जिभेवर आलं होतं. तू थांबलास, मी थांबले. तुला फक्त उभं राहायचं होतं, पोपट. "मी सांगितला" एवढं म्हणायचं होतं. मी वाट बघत होते. लोकांना वाटलं, बाई आठवतायत.

तू उठला नाहीस.

मग मी म्हटलं, "तिथे एक तरुण अधिकारी होता. फार चांगला माणूस. पण आता तो राहिला नाही."

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अरेरे. वाईट झालं." त्यांनी खरंच मान लववली. शेजारच्या गोऱ्या गृहस्थानेही. साबणवाल्याला सगळं ठाऊक आहे, त्याला असा ठसका लागला की त्याला बाहेर न्यावं लागलं.

तू मागच्या दाराने गेलास, ते कळलं. आई पुढच्या दारात तुझी वाट बघत उभी होती. बराच वेळ उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "जिवंत भावाला मारून आलीस."

मी म्हटलं, "मी नाही मारलं. मी फक्त कळवलं."

तेव्हापासून अबोला आहे. जेवायला वाढते, पण ताट आपटून.

ताई


९ मे

पोपट,

आज केंद्रात हुकूम आला. केंद्र चालू राहणार. पण पाळीचे दर वाढवलेत, लेथवरचा माणूस कमी केलाय, आणि दर वर्षी 'उपयुक्तता सिद्ध करावी' असं खाली लिहिलंय. म्हणजे दर वर्षी आम्ही नव्याने हात जोडून उभं राहायचं. साबणवाल्याने पेढे वाटायला काढले होते, ते मी त्याला परत डब्यात ठेवायला लावले. म्हटलं, आधी दरांचं बघू, मग वाट. सोमवारी आम्ही सगळे वरच्या ऑफिसात भांडायला जाणार आहोत. समितीच्या त्या अध्यक्षीणबाई निदान ऐकून तरी घेतात.

आणि तुझं टेस्टिंगच्या बाईंकडून कळलं. सुनावणीनंतर तू समितीला लेखी दिलंस म्हणे. तो अधिकारी मी, ती बहीण माझी, नियम सगळ्यांसाठी होता, भाषणात सांगितलेलं चुकीचं होतं. आणि समितीतून बाहेर पडलास. बातमी आलीच एका पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची. जग बुडालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर वांग्याचे भाव होते.

तुला काय वाटलं, हे ऐकून मी विरघळेन? मला उलट जास्त राग आला. हे लेखी द्यायला जमलं, मग तिथे उभं राहून चार शब्द बोलायला काय झालं होतं? आई त्या दारात उभी होती तेव्हा पुढून यायला काय झालं होतं? आणि मला का नाही सांगितलंस? तिसऱ्याच माणसाकडून कळतं मला, मिलचा पट्टा बदलताना, हात बरबटलेले असताना.

आईला सांगितलं. तिने ती बातमी पुन्हा पुन्हा वाचून घेतली माझ्याकडून. मग म्हणाली, "म्हणजे आहे तर." बस, एवढंच. रात्री ताट आपटलं नाही.

तिचा खोकला वाढलाय. डॉक्टर घाबरण्यासारखं नाही म्हणतात, पण ती आता तुझ्याशी फोनवर बोलत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. म्हणते, "तोंड दाखव म्हणावं."

तर ये. रविवारी ये. कोट घालून येऊ नकोस, बसायला जागा मिळेल ती गोणीवर. आईला भेट, जेव. माझ्याशी बोलायचं असेल तर मी मागे प्रेसवर असेन. पण एक आधीच सांगून ठेवते, माफी मागू नकोस. माझ्याकडे ती अजून तयार नाही.

ताई